लोखंडाची दिशा, हाताचा दोष

पंचवीस वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गॅस वाहिनीच्या दुरुस्तीवर मी वेल्डिंग तपासनीस होतो. जमिनीखाली बरीच वर्षे पडून असलेल्या 24 इंची पाइपाचा आतून गंजून पातळ झालेला तुकडा कापून काढायचा आणि त्या जागी नवा तुकडा बसवून दोन्ही टोकांना सांधायचा, असे काम होते. वाहिनी बंद ठेवण्यासाठी मिळालेले तास मोजके होते. पहिल्या सांध्यावर एक तरुण वेल्डर बसला. आर्क पेटायचा आणि दोन पाइपांमधल्या फटीत स्थिर राहण्याऐवजी एका बाजूला पळायचा. फुंकर मारल्यावर दिव्याची ज्योत वाकते, तसा तो वाकत होता. वितळलेला धातू एकाच पाइपाच्या कडेवर चिकटे, दुसरी कड कोरडी राही. एक्स-रे काढला. रूट, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर, एका बाजूने मिसळलाच नव्हता. सांधा कापून काढला आणि पुन्हा केला. पुन्हा तेच झाले.

रॉड दमट असतील म्हणून मी ते पुन्हा भट्टीत तापवायला लावले. मशीन बदलले. अर्थची जागा बदलून पाहिली. काहीही फरक पडला नाही, तेव्हा मी अहवालात कारण लिहिले : ‘कारागिराचे कसब अपुरे.’ संध्याकाळी त्या मुलाला कामावरून उतरवले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवरून एक वयस्कर मिस्त्री आला. त्याने रॉड हातातही घेतला नाही. पाइपाच्या तासलेल्या कडेवर ग्राइंडरचा बारीक कीस पडलेला होता, त्याकडे त्याने मला बोट दाखवले. तो कीस केसांसारखा उभा राहिला होता. मग खिशातून एक टाचणी काढून त्याने ती फटीजवळ धरली. टाचणी त्याच्या बोटांतून सुटून कडेला चिकटली आणि आडवी उभी राहिली.

“साहेब, पाइपाला चुंबक लागलंय. यात कुणीबी बसला तरी हेच होणार.”

“मग आता काय करायचं, मिस्त्री?”

“एक मशीन जादा द्या आणि लांब केबल द्या.”

त्याने पाइपाच्या टोकाशी केबलचे सात-आठ वेढे घातले, केबलची दोन्ही टोके जादा मशीनला जोडली आणि हळूहळू करंट वाढवला. टाचणी पहिल्यापेक्षा घट्ट चिकटली. “उलटं लागलं,” असे पुटपुटत त्याने जोडणीची टोके बदलली आणि पुन्हा करंट वाढवायला सुरुवात केली. एका क्षणी टाचणी आपोआप खाली पडली. त्याने मशीनचा काटा तिथेच ठेवला, वेढ्यांमधला प्रवाह चालू ठेवून रूट पुरा केला, आणि मगच जादा मशीन बंद करायला सांगितले. तो सांधा पहिल्याच एक्स-रेत पास झाला.

पाइपाला केबल गुंडाळण्याची ही युक्ती कुठून आली असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. त्याचा माग काढत मी लोहारांच्या भात्यापासून युद्धकाळातल्या बंदरांपर्यंत आणि तिथून आपल्या अलिबागपर्यंत पोहोचलो. वाटेत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. लोखंडातले न दिसणारे चुंबकत्व जेव्हा जेव्हा माणसाचे काम बिघडवते, तेव्हा पहिला दोष बहुतेक वेळा माणसाच्या हातालाच लागतो. हा लेख या दोन्ही गोष्टींविषयी आहे.

लोखंडाला चुंबक मुद्दाम लावावा लागत नाही, तो आपोआपही लागतो. ही गोष्ट पद्धतशीर मांडणारा पहिला मोठा ग्रंथ 1600 साली लंडनला लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता विल्यम गिल्बर्ट पुढे राणी एलिझाबेथचा वैद्य झाला. पृथ्वी हाच एक प्रचंड लोहचुंबक आहे, हा त्याचा सिद्धांत सर्वांना माहीत असतो. पण त्या ग्रंथात एक चित्र आहे, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. चित्रात एक लोहार ऐरणीवर तापलेली कांब ठोकतो आहे, आणि चित्रातच उत्तर आणि दक्षिण या दिशा लिहिलेल्या आहेत. कांब उत्तर-दक्षिण धरून ठोकत ठोकत निववली, तर ती चुंबक होते, असे गिल्बर्ट सांगतो. इमारतींमध्ये वर्षानुवर्षे उत्तर-दक्षिण बसवलेल्या लोखंडी गजांनाही चुंबकत्व येते, हेही त्याने नोंदवले आहे.

यामागचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. लोखंडाच्या आत अतिसूक्ष्म प्रदेश असतात आणि त्यातला प्रत्येक प्रदेश स्वतः एक छोटा चुंबक असतो. एरवी त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्याने बाहेर काही जाणवत नाही. लोखंड सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या वर तापले, की ही व्यवस्था मोडते. निवताना पृथ्वीचे क्षेत्र त्या प्रदेशांना किंचित आपल्या दिशेने वळवते. हातोड्याच्या घावाने ते जागचे हलतात आणि वळणे आणखी सोपे होते. पृथ्वीचे क्षेत्र फार दुबळे आहे. आपल्याकडे ते अर्ध्या गॉसपेक्षाही कमी भरते. पण लोखंड आपल्यात ते साठवत जाते, आणि बाहेरचे कारण दूर झाल्यावरही काही भाग मागे उरतो. त्यालाच अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. उत्तर-दक्षिण टाकलेला पाइप, चुंबकी क्रेनने उचललेला पाइप, चुंबकी चूर्ण वापरून तपासलेला पाइप, यांपैकी प्रत्येकाच्या अंगात आपापल्या वाट्याला आलेली दिशा थोडीफार राहते.

चुंबक आणि वीज यांचे नाते 1820 मध्ये कोपनहेगनच्या हान्स क्रिस्तियान ओर्स्टेडने जगाला दाखवले. तारेतून प्रवाह सोडला की जवळची चुंबकसूची हलते. याचा अर्थ तारेचे वेटोळे हा इच्छेनुसार चालू-बंद आणि उलटसुलट करता येणारा चुंबक झाला. मिस्त्रीच्या सात-आठ वेढ्यांचे मूळ तिथे आहे. आर्क पळण्याचे मूळही तिथेच आहे. पुढच्याच वर्षी हम्फ्री डेव्हीने लंडनमध्ये चुंबक जवळ आणून विजेचा आर्क वाकवून दाखवला. आर्क म्हणजे प्रवाह वाहून नेणारी तारच, फक्त ती धातूची नसून तापलेल्या वायूची असते, त्यामुळे तिला कणा नसतो. चुंबकीय क्षेत्रात प्रवाहावर बल येते आणि ते दोघांनाही काटकोनात असते. दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम तो हाच. तांब्याची तार हे बल सहन करून जागेवर राहते, आर्कला ते जमत नाही.

तेव्हा आर्क ही प्रयोगशाळेतली नवलाची वस्तू होती. तिने लोखंड सांधता येते, हे रशियातल्या निकोलाय बेनार्दोसने 1880च्या दशकात सिद्ध केले, आणि 1885 मध्ये त्याने व स्तानिस्लाव ओल्शेव्हस्कीने त्याची पेटंटे घेतली. म्हणजे आर्क चुंबकाने वाकतो हे ज्ञान वेल्डिंगच्या धंद्यापेक्षा साठ वर्षांनी जुने आहे. तरीही मी अहवालात ‘कसब अपुरे’ असे लिहिले. ज्ञान असणे आणि ते ऐनवेळी आठवणे, यात केवढे अंतर असते याचा हा माझ्यापुरता पुरावा.

या अंतराची फार मोठी किंमत एकोणिसाव्या शतकात खलाशांनी आणि प्रवाशांनी मोजली.

जहाज लाकडाचे होते, तेव्हा होकायंत्राला फारसा धोका नव्हता. तरी तोफा, नांगर आणि खिळे यांचा परिणाम होतच असे. ऑस्ट्रेलियाचा किनारा धुंडाळणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सने या परिणामाचा बारकाईने अभ्यास केला. होकायंत्राजवळ उभी बसवायची मऊ लोखंडाची कांब आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे जहाजेच लोखंडाची बनू लागली आणि प्रश्न एकदम अक्राळविक्राळ झाला. गोदीत महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या सांगाड्यावर हजारो रिव्हेट ठोकले जात. गिल्बर्टच्या लोहाराची कांब आता शेकडो फूट लांब झाली होती. असे जहाज पाण्यात उतरे, तेच अंगात एक दिशा घेऊन.

इंग्लंडचा राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी याने 1838 मध्ये डेप्टफर्डला ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर प्रयोग केले. बोट वेगवेगळ्या दिशांना वळवून प्रत्येक दिशेला होकायंत्र किती चुकते, हे त्याने मोजले. मग त्या चुकीचे गणित मांडून होकायंत्राजवळ असे चुंबक आणि मऊ लोखंडाचे तुकडे बसवले, की जहाजाच्या ओढीला तेवढीच उलट ओढ मिळावी. लोखंडातले चुंबकत्व त्याने पुसले नाही. त्याला फक्त तोलून धरले. मिस्त्रीचे तत्त्व हेच होते. पाइपातला चुंबक तिथेच राहिला, वेढ्यांनी फटीपुरता त्याचा तोल साधला.

एअरीच्या पद्धतीला एक मर्यादा होती आणि ती दाखवणारा माणूस समुद्रावर वाढलेला होता. विल्यम स्कोर्सबी हा देवमाशांची शिकार करणाऱ्या कप्तानाचा मुलगा. उत्तर ध्रुवाकडच्या सागरांत त्याने स्वतः जहाजे नेली, विज्ञानात नाव मिळवले आणि पुढे तो धर्मोपदेशक झाला. गोदीतल्या ठोकाठोकीने जे चुंबकत्व आले, ते समुद्रातल्या ठोकाठोकीने बदलणारच, असे त्याचे म्हणणे होते. लाटांचे तडाखे म्हणजेही घावच. मग बंदरात साधलेला तोल भर समुद्रात टिकेल याची खात्री काय? एअरीला हा आक्षेप मान्य नव्हता. वाद कडवट झाला.

21 जानेवारी 1854 रोजी ‘टेलर’ हे नवे कोरे लोखंडी जहाज डब्लिनजवळच्या लँबे बेटावर आदळून बुडाले. लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेली ही त्याची पहिलीच सफर होती आणि निघून जेमतेम दोन दिवस झाले होते. जहाजावर साडेसहाशेच्या आसपास माणसे होती. त्यांतली तीनशेहून अधिक मेली. जहाजावरची होकायंत्रे एकमेकांशी जुळत नव्हती. दक्षिणेकडे मोकळ्या समुद्रात चाललो आहोत असे समजून चालवलेले जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यावर गेले होते.

या अपघातानंतरचे दोन निवाडे मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मालाहाइड इथे मृत्यूंच्या चौकशीसाठी बसलेल्या पंचांनी मालकांना दोष दिला, कारण होकायंत्रे नीट जुळवून न घेता त्यांनी जहाज सोडले. व्यापार मंडळाच्या चौकशीने मात्र कप्तान नोबल यांच्यावर ठपका ठेवला : दिसत नव्हते तर दोरी सोडून पाण्याची खोली मोजायला हवी होती, ती त्यांनी मोजली नाही. दुसरा ठपका खोटा आहे असे म्हणता येत नाही. खोली मोजणे हा खलाशांचा रिवाजच होता. तरीही पहिली चूक जहाजाच्या अंगात होती आणि ती कप्तानाने घडवलेली नव्हती. माझ्या अहवालात त्या पोराच्या नावासमोर जे लिहिले होते, ते मला या दुसऱ्या निवाड्याच्या जातीचे वाटते.

त्याच वर्षी लिव्हरपूलला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत स्कोर्सबीने आपला मुद्दा जोरात मांडला. तिथल्या जहाजमालकांनी आणि जाणकारांनी 1855 मध्ये होकायंत्र समिती नेमली. स्कोर्सबी बोलून थांबला नाही. साठी उलटून गेली असताना 1856 मध्ये तो ‘रॉयल चार्टर’ या लोखंडी जहाजाने ऑस्ट्रेलियाला जाऊन आला. दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या क्षेत्राचा उतार उलटा असतो, त्यामुळे जहाजाच्या उभ्या लोखंडातले चुंबकत्वही तिकडे उलटते, हे त्याने वाटेवर मोजून पाहिले. डोलकाठीवर उंच, लोखंडापासून दूर एक होकायंत्र बांधावे आणि खालच्या यंत्रांची चूक त्यावरून तपासत जावे, हा त्याचा साधा उपाय होता. परतल्यावर 1857 मध्ये तो वारला. त्याचा प्रवासवृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

आज मागे वळून पाहिले तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तोल साधता येतो, हे एअरीचे खरे. साधलेला तोल कायमचा नसतो, हे स्कोर्सबीचे खरे. पुढची सगळी व्यवहारी पद्धत या दोन सत्यांवर उभी राहिली : मोजा, तोला आणि पुन्हा मोजत राहा.

लोखंडातला चुंबक घालवण्याला स्वतंत्र नाव मिळाले ते मात्र दुसऱ्या महायुद्धात.

1939च्या हिवाळ्याच्या तोंडावर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जहाजे गूढ रीतीने फुटू लागली. कुणी कशाला धडकत नव्हते. समुद्राच्या तळाशी पडलेला सुरुंग वरून जाणाऱ्या जहाजाच्या चुंबकत्वाने जागा होत होता. उत्तर गोलार्धात बांधलेल्या जहाजाच्या पोटाकडे उत्तर ध्रुव आलेला असतो, आणि त्या सुरुंगातली सूची ते ओळखत होती. पूर्वी होकायंत्राला फसवणारे चुंबकत्व आता जहाजाचा ठावठिकाणा शत्रूला सांगू लागले. 21 नोव्हेंबरला ‘बेलफास्ट’ ही नवी क्रूझर फोर्थच्या खाडीत अशाच स्फोटाने जबर जखमी झाली.

दुसऱ्याच रात्री जर्मन विमानाने टाकलेले दोन सुरुंग टेम्सच्या मुखाजवळ, शूबरीनेसच्या चिखलात पडले. ओहोटीला ते उघडे पडले. पोर्ट्समथच्या ‘व्हर्नन’ या नौदल केंद्रातून जॉन ऊव्हरी हा अधिकारी आणि त्याचे तीन सहकारी तिथे गेले. लोखंडी पाना चालणार नव्हता म्हणून पितळेची हत्यारे खास बनवून घेतली होती. दोघे सुरुंगापाशी गेले आणि दोघे लांब थांबले. पुढे काय करणार हे ऊव्हरी आधी लांबच्या जोडीला कळवी आणि मगच हात लावी. तो मेला तर कोणत्या पायरीवर मेला, हे पुढच्याला कळावे म्हणून ही व्यवस्था होती. 23 नोव्हेंबरला सुरुंग निकामी झाला आणि त्याच्या पोटातली यंत्रणा शाबूत हाती लागली.

आता लपवायचे काय, हे समजले. ‘व्हर्नन’मधला कॅनडाचा रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स गुडीव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जहाजाभोवती केबलचे वेढे बांधून त्यातून प्रवाह सोडण्याची पद्धत उभी केली. जर्मन लोक सुरुंगाची संवेदना गॉस या एककात मोजत होते. म्हणून गुडीव्हने या उपायाला ‘डीगॉसिंग’ म्हटले, आणि तोच शब्द रूढ झाला. मार्च 1940 मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ’ ही अजस्र बोट गुपचूप न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा तिच्या अंगाभोवती अशी केबल होती.

प्रत्येक लहानमोठ्या नावेला कायमचे वेढे बसवणे परवडणारे नव्हते. इतके तांबे आणि इतका वेळ कुणाकडे होता? मग दुसरी रीत निघाली. जाड केबलमधून मोठा प्रवाह सोडून ती जहाजाच्या बाजूवरून वर ओढत न्यायची. जणू जहाज पुसून काढायचे, आणि तिचे नावही ‘पुसणे’ असेच पडले. डंकर्कहून सैन्य परत आणण्यासाठी निघालेल्या शेकडो नावा अशा पुसल्या गेल्या. पण हा परिणाम काही महिन्यांत विरे, आणि मग जहाज पुन्हा पुसावे लागे. स्कोर्सबीचे म्हणणे ऐंशी वर्षांनी युद्धखात्याच्या वेळापत्रकात येऊन बसले होते.

या दोन रीतींमधला फरक आमच्या धंद्यातही तसाच आहे. वेढ्यांत प्रवाह चालू ठेवून कामापुरता तोल साधायचा, ही एक. पाइपातला चुंबक खरोखर उतरवायचा, ही दुसरी. उतरवायचा असेल तर प्रवाहाची दिशा पुन्हा पुन्हा उलटवत प्रत्येक वेळी तो थोडा कमी करत शून्यावर आणावा लागतो. मोठ्या झोक्यापासून लहान होत होत थांबणाऱ्या पाळण्यासारखे ते आहे. लोखंडातले सूक्ष्म प्रदेश इकडून तिकडे फिरत शेवटी विस्कळीत अवस्थेत थांबतात. घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. ती जाड पाइपाच्या पृष्ठभागाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे जाड पोलादासाठी दिशा सावकाश उलटवावी लागते. मैलोन्‌मैल पसरलेल्या वाहिनीत हे पुरते साधत नाही, कारण मागच्या लांबीतले चुंबकत्व पुन्हा टोकाशी येते. म्हणून तिथे तोल साधणेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

आमच्या पाइपाला इतका जोरदार चुंबक लागला कसा? त्याचे कारण मला नंतर समजले, आणि ते सुरक्षेच्या काळजीतून आलेले होते. 1960च्या दशकापासून वाहिनीच्या आतून एक तपासणी यंत्र सोडण्याची पद्धत आली. धंद्यात त्याला पिग म्हणतात. त्यावरचे शक्तिशाली चुंबक पाइपाची भिंत चुंबकत्वाने भरून टाकतात. भिंत जिथे गंजून पातळ झाली असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर गळतात आणि यंत्र त्याची नोंद करते. आमच्या वाहिनीतला पातळ तुकडा अशाच तपासणीत सापडला होता. यंत्र पुढे निघून गेले, पण आपली दिशा पाइपात ठेवून गेले. पाइप अखंड असताना त्याचा पत्ता लागत नाही, कारण चुंबकीय रेषा पोलादातूनच वाहतात. तो कापून दोन टोके जवळ आणली, की सगळ्या रेषा त्या अरुंद फटीत दाटतात. एका सुट्या टोकाशी मोजलेला आकडा फटीत कितीतरी पटींनी वाढतो. साधारण 10 ते 20 गॉसपर्यंत हात सांभाळून घेतो. 40च्या पुढे गेल्यावर चांगल्यात चांगला वेल्डरही हतबल होतो. रूटचा थर पुरा झाला, की पोलादाचा पूल तयार होतो, रेषांना त्यातून वाट मिळते आणि वरचे थर निमूट बसतात. मिस्त्रीने जादा मशीन नेमके तेव्हा बंद करायला सांगितले, त्याचे कारण हे.

रूट कच्चा राहिला तर काय होते? वरून सांधा गुळगुळीत दिसतो. आत मात्र पूर्ण घेरात एक बारीक चीर शिल्लक राहते. दाब चढतो-उतरतो तशी ती वाढत जाते. वाहिनीशेजारी गावे असतात. एक्स-रेने तो सांधा नाकारला, हे योग्यच होते. चूक नाकारण्यात नव्हती, कारण लिहिण्यात होती.

शेवटी अलिबागविषयी. गॉस हे एकक ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या कार्ल फ्रीडरिश गाउसने 1830च्या दशकात ग्योटिंगेनला पृथ्वीचे चुंबकत्व निरपेक्ष परिमाणात मोजण्याची रीत घालून दिली आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजमापे घेण्याची चळवळ उभी केली. त्या चळवळीच्या लाटेत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. 2 सप्टेंबर 1859च्या प्रचंड सौर वादळात तिथल्या निरीक्षकांनी सूचीचे मोठे विचलन वहीत उतरवून ठेवले. त्या वादळाचे बळ ठरवताना 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच कुलाब्याच्या नोंदींचा आधार घेतला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामचा प्रवाह सूक्ष्म मोजमापे बिघडवणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी सूची बिघडण्याची वाट पाहिली नाही. 1904 मध्ये अलिबागला, चुंबकाने न ओढल्या जाणाऱ्या साहित्याचे बांधकाम करून नवी वेधशाळा उभी राहिली. जुनी आणि नवी मोजमापे जुळावीत म्हणून 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या गेल्या. विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. साठ वर्षांच्या कुलाबा नोंदींचे मूस यांचे दोन खंड 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. मला यातली दोन वर्षांची जोड मोलाची वाटते. आकड्यात फरक दिसला तर तो जागेचा आहे, यंत्राचा आहे की निरीक्षकाचा, हे ठरवण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली.

ज्या रायगड जिल्ह्यात ही वेधशाळा आहे, त्याच जिल्ह्यात उरणला मुंबई हायहून येणारी वाहिनी 1978 मध्ये किनाऱ्याला लागली, आणि त्याच जिल्ह्यात पनवेलला आज भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. एके ठिकाणी अर्ध्या गॉसहून कमी असलेले क्षेत्र जिवापाड जपून मोजले जाते, दुसऱ्या ठिकाणी त्याच जातीचे क्षेत्र फटीतून हुसकावे लागते. दोन्हीकडे पहिली पायरी एकच आहे : आधी मोजायचे.

त्या कामानंतर मी दुरुस्तीच्या कार्यपद्धतीत एक ओळ घालून घेतली. पाइप कापल्यावर आणि टोके जुळवल्यावर, रॉड लावण्याआधी फटीतले चुंबकत्व घेरावर ठिकठिकाणी गॉसमापकाने मोजावे आणि आकडा अहवालात लिहावा. पुढच्या वर्षांत ती ओळ कामाला आली. त्यावर माझे कौतुकही झाले. मी ते घेतले.

जे केले नाही ते हे : पहिल्या अहवालातली ‘कारागिराचे कसब अपुरे’ ही नोंद मी दुरुस्त केली नाही. दुसरा सांधा पास झाला तेव्हा खरे कारण माझ्यासमोर होते आणि पेनही हातात होते. पण नोंद बदलली असती तर आदल्या दिवशीची माझी चूक कागदावर आली असती. तो मुलगा पुन्हा त्या साइटवर दिसला नाही. ‘टेलर’च्या कप्तानावरचा ठपका आजही छापील इतिहासात आहे, पण त्याच्या शेजारी मालाहाइडच्या पंचांचा निवाडाही आहे. वाचणाऱ्याला निदान दोन्ही बाजू दिसतात. त्या मुलाच्या नावापुढे एकच बाजू लिहिलेली आहे. दुसरी बाजू लिहिण्याचे काम माझे होते, ते पंचवीस वर्षांनी या पानांवर करतो आहे : सांधा बिघडला होता, कारण पाइपात चुंबक होता. हात चांगला होता.